तिसरा कपॅसिटर

“म्हणजे वस्ताद, हा तिसरा लावला की दिवे मिचमिचायचे थांबतील ना?”

इलाहीवस्तादांचं लक्ष चहाकडे होतं. ते बशीत चहा ओतत होते.

“एकेक फॅरडचे दोन आधीच लावलेत. आता सरळ तीन फॅरडचा आणलाय.”

वस्तादांनी बशीवर फुंकर घातली.

“तीन, वस्ताद!”

“ऐकलं. तुझा आवाज उदगावापर्यंत गेला असंल. हात मागं घे.”

भरतेश मगदूमनं हात पाठीमागं घेतले. चेहरा मात्र एरंडेल प्याल्यासारखा केला.

आता हे हात मागं घेण्याचं प्रकरण सांगायला हवं. जयसिंगपुरात सांगली रस्त्याला वस्तादांची मोटारींच्या वायरिंगची शेड आहे आणि तिला अगदी लागून माझं सीट कव्हरचं दुकान. मधे पत्रा आहे, तोही अर्धाच. त्यामुळे तिकडचं सगळं मला शिलाईवर बसल्या बसल्या दिसतं. बावीस वर्षं बघतो आहे, नियम बदललेला नाही. गाडी आत आली की पहिला चहा संपेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. हात मागं बांधायचे आणि नुसतं बघायचं. शिकाऊ असो की शिकून बाहेर पडलेला, सूट नाही.

वस्ताद चहा किती वेळ पितात हे मात्र विचारू नका.

भरतेश इथंच तीन वर्षं शिकला. मग पुण्याला जाऊन कार ऑडिओचा कोर्स करून आला आणि स्टेशनजवळ काचेच्या दाराचं दुकान टाकलं. त्यानंतर या शेडकडे त्याची पावलं वळली नव्हती. रस्त्यानं जाताना हॉर्न वाजवायचा, तेवढाच नमस्कार. हुशार होता, त्यात वाद नाही. पण हुशारी अंगाला लावून फिरायचा, त्याचा मला राग यायचा.

आज तो स्वतः आला होता, कारण गळ्याशी आलं होतं.

गाडी बाबगोंडा पाटलांची होती. नवी कोरी, डाळिंबी रंगाची. बॉनेटवरचं हळदीकुंकू अजून पुसलं नव्हतं. पाटलांची पद्मजा आणि भरतेश यांचं जमलं होतं, तिनं होकार केव्हाच दिला होता. घोडं अडलं होतं बापापाशी. पाटलांना ढोलकीचा भारी नाद. त्यांनी गाडी भरतेशच्या हवाली केली आणि म्हणाले, “हिच्यात वाजवायचं बसवून दे. तुझं काम बघतो, मग पुढचं बोलू.”

भरतेशनं जीव ओतून काम केलं. डिकीत दणका देणारे दोन मोठे वूफर, ॲम्प्लिफायर, निळे आकडे दाखवणारा कपॅसिटर. गाडी घेऊन पाटील संध्याकाळी नांदणीच्या रस्त्याला लागले. आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला पुढचे दिवे मिटायला-उघडायला लागले.

पाटील दुसऱ्या दिवशी काचेच्या दारात उभे राहिले. “आरं, माझी गाडी समोरनं येणाऱ्या बायकांना डोळा मारतीया! ह्या वयात मला तोंड दाखवायला जागा ठेवलीस का?”

भरतेशनं दुसरा कपॅसिटर लावला. गाडी डोळा मारतच राहिली.

पाटील म्हणाले, “शुक्रवारी चारला येतो. तवर नीट झाली तर झाली. न्हाईतर गाडीबी दुसऱ्याकडं देतो आणि पोरगीबी.”

आज शुक्रवार होता. आता अडीच वाजून गेले होते.

कपॅसिटर म्हणजे काय ते मला शेजारानंच कळलं. विजेचा घोटभर साठा करणारा डबा. ढोलकीची मोठी थाप पडली की ॲम्प्लिफायरला एकदम जास्त वीज लागते. ती बॅटरीकडून येईपर्यंत हा डबा स्वतःच्या पोटातली देतो आणि दोन थापांच्या मधे पुन्हा भरून घेतो. फॅरड हे त्याच्या पोटाचं माप.

“काय दिसलं?” वस्तादांनी विचारलं.

“दोन वूफर. एक ॲम्प. दोन कपॅसिटर. सगळं नंबरी आहे.”

“आनि?”

“डिकीत आणखी काय असणार?”

“मी डिकी म्हनलो न्हवतो.”

 भरतेश पायानं जमीन उकरायला लागला.

“वस्ताद, पाटीलकाका चारला येणार आहेत...”

“येऊ देत. त्यांनाबी च्या देऊ.”

माझी सुई हसण्यानं वाकडी गेली. भरतेशनं पत्र्यावरून माझ्याकडे रागानं पाहिलं. मी टाके उसवायला लागलो.

शेवटी बशी रिकामी झाली. भरतेशनं लगेच पाना उचलला.

“ठेव खाली. तो नवा डबा आन हिकडं.”

भरतेशनं तीन फॅरडचा कपॅसिटर खोक्यातून काढला. काच लावल्यासारखा चकचकीत. वस्तादांनी टेबलावरची जुनी बॅटरी पुढं ओढली आणि इंडिकेटरचा एक बल्ब त्याच्या हातात दिला.

“भर त्याला.”

हे भरतेशला येत होतं. रिकामा कपॅसिटर बॅटरीला थेट लावला तर मोठी ठिणगी पडते, म्हणून मधे बल्ब लावून सावकाश भरतात. त्यानं तशी वायर जोडली. बल्ब लख्ख पेटला. मग पिवळा झाला, तांबूस झाला आणि विझला.

“भरला,” भरतेश म्हणाला.

“आता रिकामा कर. त्याच बल्बावर.”

“रिकामा कशाला?”

“मोज.”

भरतेशनं बॅटरी सोडवली आणि बल्ब कपॅसिटरच्या दोन टोकांना लावला. पुन्हा लख्ख उजेड. वस्ताद डोळे मिटून बोटांवर मोजत होते. मीही मोजलं. अठराला बल्बातली तार काळी पडली.

“अठरा,” वस्ताद म्हणाले. “पाटलांचं घर किती लांब?”

“अर्धा तास.”

वस्तादांनी मान हलवली. 

भरतेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “असं नसतं वस्ताद. तो सारखा पुरवायला नसतोच. थापेला देतो, परत भरून घेतो. पुण्यात आम्हाला अख्खा आठवडा हेच शिकवलं.”

“बरोबर शिकवलं.”

“मग?”

“परत भरून कुठनं घेतो?”

“बॅटरीतून. गाडी चालू असली की अल्टरनेटर वीज बनवतो, त्यातून.”

“तिथनं येतंय?”

“यायलाच पाहिजे. कंपनीनं बॅटरीला दिलेली वायर करंगळीएवढी होती. मी ती काढून टाकली. माझी अंगठ्याएवढी आहे. पाटीलकाकांनाही सांगितलंय, कंपनीनं वायरिंग हलकं दिलंय म्हणून हा सगळा त्रास होतोय.”

“येतंय का, म्हनून विचारलं.”

“वस्ताद, अंगठ्याएवढी...”

“जाडी न्हाई विचारली.”

...

 भरतेशनं घड्याळ बघितलं. तीनला पाच कमी.

“तिसरा लावून बघू या का?” तो हळू आवाजात म्हणाला. आता त्यात तीन फॅरडचा रुबाब नव्हता. पोरगं घाबरलं होतं. इतका वेळ मला मजा वाटत होती, आता कीव आली. त्याला पद्मजा हातातून जाताना दिसत होती आणि तो जमेल तेवढे डबे मधे रचत होता.

वस्ताद उठले. गाडीत बसून त्यांनी इंजिन चालू केलं, दिवे लावले आणि ढोलकी सुरू केली. चांगली दणक्यात. समोरच्या भिंतीवर दिव्यांचे दोन गोल पडले होते, ते थापेगणिक आक्रसायला लागले. गाडी इमानेइतबारे भिंतीला डोळा मारत होती.

“आता?” भरतेश ओरडला.

वस्तादांनी त्याला थांबायची खूण केली आणि ते माझ्याकडे येऊन सीटच्या कापडाची चौकशी करायला लागले. कुठलं कापड, गरम होतं का, धुतल्यावर आटतं का. दहा मिनिटं! मीही उत्तरं दिली. बावीस वर्षांचा शेजार आहे, एवढं कळतं.

मग ते परत गेले आणि त्यांनी बॉनेट उचललं. बॅटरीपासून भरतेशची ती झकपक काळी वायर निघत होती आणि हातभर अंतरावर गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली होती. गाडीत वीज वायरीनं जाते, पण परत येताना ती गाडीच्या पत्र्यातूनच येते. पत्र्याला बॅटरीशी बांधणारी वायर ती हीच. दिव्यांची वीजही तिथूनच परतते आणि ॲम्प्लिफायरचीही.

“तिथं हात लाव,” वस्ताद म्हणाले.

“कुठं?”

“बोल्टाला.”

भरतेशनं दोन बोटं टेकवली आणि “आयाई!” करून झटकली.

वस्तादांनी गाडी बंद केली. ढोलकी थांबली, दिवे विझले. भरतेश बोटं तोंडात घालून त्या बोल्टाकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. खरं बघणं त्याचं तेव्हा सुरू झालं असं मला वाटतं, आणि हात मागं घ्यायला कुणी सांगितलंही नव्हतं.

“रंग...” तो म्हणाला.

वस्ताद बोल्टाकडे वाकले.

“खाली रंग आहे. मी रंगावरच आवळलीय.”

“का?”

“कंपनीच्या जागेत माझी वायर बसेना. ही जागा घेतली. पण...”

“पन काय? इथं पयल्या महिन्यात काय शिकलास?”

“पत्रा खरवडायचा. लोखंड चकाकेपर्यंत. मग वायर लावायची.”

“मग?”

भरतेशनं मान खाली घातली. “गाडी नवी होती, वस्ताद. काकांची होती. खरवडायला हात धजला नाही.”

पहिल्या महिन्यातलं पोरगंसुद्धा ही चूक करत नाही. ही चूक होणाऱ्या जावयाचीच. सासऱ्याच्या गाडीवर ओरखडा नको म्हणून त्यानं रंग जपला आणि विजेची परतायची वाटच बुजवली. मग डिकीत एकावर एक कपॅसिटर मांडत बसला. डबे तरी काय करणार बिचारे? उपाशी घरात आणखी दोन पाहुणे जेवायला बसवल्यासारखं झालं होतं ते.

वस्तादांनी पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्यापुढं धरला.

“खरवड.”

“आत्ता? काका येतील इतक्यात. रंग खरवडताना बघितलं तर...”

वस्तादांनी कागद तसाच धरून ठेवला.

“मी काय म्हणतो, तुम्ही खरवडता का वस्ताद? तुम्हाला ते काही बोलणार नाहीत.”

वस्ताद हसले. चांगले मोठ्यानं हसले. कागद मात्र हलला नाही.

भरतेशनं कागद घेतला. बॅटरी सोडवली, बोल्ट काढला आणि त्या डाळिंबी पत्र्यावर पहिला हात मारला. तो आवाज माझ्याही दातांत गेला. नव्या गाडीचा रंग जाताना बघवत नाही हो, कुणाचीही गाडी असली तरी.

“कडंचा ऱ्हायला,” वस्ताद म्हणाले.

भरतेश भोकाच्या कडेनं नखांनी उकरायला लागला, नखांत डाळिंबी रंग भरत चालला. कपाळावरून घाम ओघळत होता.

आणि तेवढ्यात दारात चपला वाजल्या. सव्वातीन झाले होते. बाबगोंडा पाटील दिलेल्या वेळेआधी येणाऱ्यांपैकी आहेत, हे भरतेशनं खरं म्हणजे आधीच ओळखायला हवं होतं.

पाटलांनी बॉनेट बघितलं, बॉनेटमधे वाकलेला भरतेश बघितला आणि त्याच्या हातातला कागद बघितला.

“कोन खरवडतंय माझी गाडी?”

...

वस्तादांनी दुसरा चहा ओतायला घेतला. तुमचं तुम्ही बघा, अशी त्यांची पाठ होती.

मी मशीन थांबवलं. भरतेशला तीन वाटा मोकळ्या होत्या. वस्तादांनी सांगितलं म्हणता आलं असतं. कंपनीवर ढकलता आलं असतं, ती तर त्यानं आधीच करून ठेवलेली सोय होती. नाहीतर नुसतं ‘सर्व्हिसिंग चाललंय काका’ म्हणायचं, पाटलांना काय कळणार होतं? मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, काहीतरी नीट बोल.

“मी,” भरतेश म्हणाला.

“का?”

“माझी चूक झालीय, काका. कंपनीचं वायरिंग चांगलं होतं. मीच काढलं. माझी वायर जाड, म्हणून मला भारी वाटली. ती रंगावरच आवळली, म्हणून गाडी डोळा मारत होती. ते डिकीतले दोन डबे... ते लावायची गरजच नव्हती.”

“मग मला कंपनी हलकी म्हनून का सांगितलंस?”

“चूक सापडत नव्हती म्हणून.”

पाटील पुढं आले. उघडा पडलेला, रुपयाएवढा चकाकता पत्रा त्यांनी वाकून पाहिला.

“हे आधीच का खरवडलं न्हाईस?”

“तुम्ही रागवाल म्हणून भ्यालो.”

“आनि आता?”

“आता पण भितोय की!” भरतेश म्हणाला आणि पुन्हा वाकून खरवडायला लागला. आवाज रडवेला होता, पण हात थांबला नव्हता.

पाटलांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की शिवी, मला सांगता आलं नाही. ते उलट्या घातलेल्या बॅटरीच्या खोक्यावर जाऊन बसले. वस्तादांनी त्यांच्या हातात बशी दिली.

भरतेशनं पत्रा पुसला, वायर चकाकत्या लोखंडावर आवळली, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीसचं बोट फिरवलं. मग न सांगता डिकीकडे गेला. दोन्ही कपॅसिटर सोडवले, त्याच बल्बावर रिकामे केले आणि बाजूला ठेवले. तिसरा खोक्यातच राहिला.

“चालू करू का, वस्ताद?”

“मला काय विचारतोस? गाडी त्यांची.”

पाटलांनी मान डोलावली.

इंजिन, दिवे, ढोलकी. थाप पडली. भिंतीवरचे दोन्ही गोल होते तसेच राहिले. दुसरी थाप पडली, तिसरी पडली. पाटलांनी स्वतः उठून आवाज वाढवला. माझ्या दुकानातली कात्री टेबलावरून नाचत खाली पडली, पण दिव्यांनी पापणी लवू दिली नाही.

भरतेशनं बोल्टाला हात लावला आणि लावूनच ठेवला. मग त्याला एकदम हसू फुटलं. लहान पोरासारखा हसत होता, डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी पत्र्यावरून टाळी वाजवली.

“हे डबे मग टाकून द्यायचे?” पाटलांनी विचारलं.

“एक ठेवा, काका. थाप जरा टणक येईल. पण दिवे त्याच्या जिवावर जळत नाहीत. नाही ठेवला तरी चालतंय.”

“काल तर तिसरा लावल्याबिगार गत न्हाई म्हनत हुतास.”

“काल मला माहीत नव्हतं.”

पाटील बराच वेळ गाडीभोवती फिरले. एकदा बॉनेटमधे डोकावले, एकदा डिकीत. भरतेश दाराशी हात पाठीमागं घेऊन उभा होता. शेवटी पाटील वस्तादांच्या शेजारी येऊन बसले आणि आवाज खाली आणून बोलले, तरी तो आमच्या पत्र्यापर्यंत आलाच.

“वस्ताद, गाडी झाली. ते दिसलं. पर पोरगी द्यायची म्हंजे जन्माचं काम. तीन वर्सं तुमच्या हाताखाली हुतं हे पोरगं. खरं सांगा. कसं हाय?”

वस्तादांनी बशी खाली ठेवली. भरतेशकडे पाहिलं. 

...

“मला कशाला विचारता, पाटील? त्याची नखं बघा की.”